चिखल वाळला, तरी धनुर्वाताचा धोका कायम

इंग्लंड, आयर्लंड किंवा उत्तर फ्रान्समध्ये घोडे पाळणाऱ्यांना मार्च-एप्रिल हे महिने सुटकेचे वाटतात. तिथला पाऊस आपल्या पावसासारखा कोसळत नाही. पण हिवाळाभर त्याची रिपरिप चालू असते आणि ऊन इतके कोवळे असते की जमिनीतले पाणी आटत नाही. चार-पाचशे किलो वजनाचा घोडा दिवसातून अनेकदा त्याच फाटकापाशी आणि त्याच पाण्याच्या हौदापाशी येऊन उभा राहतो. गवताची मुळे तुटतात आणि कुरणाचा राडा होतो. वसंतात दिवस मोठे झाले, वारा सुटला की हा राडा वरून कडक होऊ लागतो. मग मालक कामाला लागतात. खुरांचे खड्डे सपाट करायचे, साचलेली लीद उचलायची, मोडके कुंपण दुरुस्त करायचे, गवताचे बी टाकायचे.

घोड्यांनाही बरे वाटते. सतत ओल्या राहणाऱ्या पायांच्या कातडीला जंतुसंसर्ग होऊन खपल्या धरतात, त्याला तिकडे ‘मड फीवर’ म्हणतात. जमीन कोरडी झाली की तो त्रास कमी होतो. त्यामुळे चिखल गेला म्हणजे आजारही गेला, असे वाटणे साहजिक आहे. एका आजाराच्या बाबतीत मात्र ही समजूत खोटी ठरते. तो आजार म्हणजे धनुर्वात. तो घोड्यांना होतो, तसा माणसांनाही होतो.

मातीत दडलेला जंतू

धनुर्वाताचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम टिटॅनी, घोडे, गाई, मेंढ्या अशा जनावरांच्या आतड्यात राहू शकतो. तिथे तो त्यांना काही करत नाही. लिदीबरोबर किंवा शेणाबरोबर तो बाहेर पडतो आणि मातीत मिसळतो. या जंतूला प्राणवायू सोसत नाही. म्हणून उघड्यावर तो वाढत नाही, तर स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात झोपी जातो. हा बीजाणू ऊन, थंडी, कोरडेपणा यांना दाद देत नाही. उकळत्या पाण्यातही तो काही काळ टिकतो. मातीत तर वर्षानुवर्षे राहतो. चिखल वाळल्याने त्याचे काहीच बिघडत नाही.

उलट जमीन वाळते तेव्हा माणसांचा मातीशी संबंध वाढतो. हिवाळ्यात गुडघ्यापर्यंतचे गमबूट असतात. कोरडे पडले की साधे बूट येतात, हातमोजे निघतात. चिखलात रुतून घोड्यांचे नाल निखळलेले असतात, ते खिळ्यांसकट मातीत पडून राहतात. कुंपणाच्या काटेरी तारा आणि लाकडाच्या फळ्या हाताळाव्या लागतात. खिळा पायात घुसायला किंवा तार हातात शिरायला एक क्षण पुरतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. धनुर्वात गंजाने होत नाही. गंजलेला खिळा बहुधा मातीत पडलेला असतो, म्हणून त्याची बदनामी झाली. चकचकीत खिळा, बाभळीचा काटा, लाकडाची कुसळ हेही तितकेच धोक्याचे. जखम अरुंद आणि खोल असेल, आत माती किंवा मेलेली ऊती राहिली असेल, तर तिथे प्राणवायू पोचत नाही. बीजाणू जागा होतो आणि विष तयार करू लागतो.

धनुष्यासारखे वाकलेले शरीर

हे विष मज्जातंतूंच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत पोचते. स्नायू आखडल्यावर त्यांना सैल होण्याचा संदेश देणारी यंत्रणा ते बंद पाडते. स्नायूंना फक्त ताणण्याचाच हुकूम मिळत राहतो. जखम झाल्यावर साधारण ३ ते २१ दिवसांत लक्षणे दिसतात. बहुतेक वेळा सुरुवात जबड्यापासून होते. तोंड उघडत नाही, घास गिळताना त्रास होतो, मान ताठते, पोट फळीसारखे कडक होते. मग जरासा आवाज, उजेड किंवा स्पर्श झाला तरी झटके येतात आणि पाठ मागे कमानीसारखी वाकते. ‘धनुर्वात’ हे नाव त्यावरूनच पडले. रुग्ण या काळात पूर्ण शुद्धीवर असतो. श्वासाचे स्नायू आखडले की जीव धोक्यात येतो. तोवर मूळ जखम भरूनही गेलेली असते आणि अनेकांना ती आठवतही नाही.

युद्धभूमी आणि घोड्याचे रक्त

लिदीने खतावलेल्या शेतांची ही बाजू पहिल्या महायुद्धात ठळकपणे दिसली. १९१४ मध्ये बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सच्या ज्या जमिनीत लढाई पेटली, तिला पिढ्यान् पिढ्या जनावरांचे खत घातले गेले होते. गोळ्यांबरोबर कपड्यांच्या चिंध्या आणि माती खोल जखमांत शिरत होती. युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ब्रिटिश सैन्यात दर हजार जखमींमागे सुमारे आठ जणांना धनुर्वात होत होता. प्रत्येक जखमीला प्रतिविषाचे इंजेक्शन देणे सुरू झाल्यावर हे प्रमाण झपाट्याने खाली आले.

हे प्रतिविष घोड्याच्याच रक्तातून मिळत होते. १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी दाखवून दिले होते की, जनावराला विषाची सोसेल अशी मात्रा दिली तर त्याच्या रक्तात विष मारणारी द्रव्ये तयार होतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेतही प्रतिविषे बनवण्यासाठी घोड्यांचाच उपयोग झाला. आज मानवी रक्तातून काढलेले प्रतिविष अधिक पसंत केले जाते, कारण घोड्याच्या रक्तद्रव्याची काहींना तीव्र ॲलर्जी येते. पण प्रतिविषाचा आधार काही आठवड्यांचाच असतो. टिकाऊ संरक्षण मिळते ते लसीने. दुसऱ्या महायुद्धात लस दिलेल्या अमेरिकी सैन्यात जखमींची संख्या लाखांत असूनही धनुर्वाताचे अवघे १२ रुग्ण नोंदले गेले.

आपल्याकडे काय करावे?

पावसाळा संपून शेते वाळतात, तेव्हा आपल्याकडेही हेच चित्र असते. शेणखत घातलेली माती, अनवाणी पाय, काटे आणि विळे. भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन २०१५ मध्ये साधले. पण मातीतला जंतू संपलेला नाही आणि संपणारही नाही. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. त्यामुळे शेजाऱ्यांनी लस घेतली म्हणून आपला बचाव होत नाही.

बालकांना पहिल्या वर्षी लसीचे तीन डोस मिळतात. पुढे दीड-दोन वर्षांचे असताना, मग पाच-सहा, दहा आणि सोळाव्या वर्षी बूस्टर दिले जातात. गरोदरपणातही लस देतात. अडचण असते ती साठी ओलांडलेल्यांची. त्यांच्यापैकी अनेकांचे लहानपणी लसीकरण झालेलेच नाही. दुसरीकडे, दर खरचटण्याला ‘टीटी’ मारून घेणारेही पुष्कळ आहेत. तेही गरजेचे नाही. मूळ डोस पूर्ण झाले असतील, तर किरकोळ व स्वच्छ जखमेनंतर शेवटच्या डोसाला दहा वर्षे उलटली असतील तरच बूस्टर लागतो. जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली असेल, तर ही मुदत पाच वर्षांची. आधी लस घेतलीच नसेल किंवा आठवत नसेल आणि जखम मळलेली असेल, तर लसीबरोबर प्रतिविषही द्यावे लागते आणि नंतर लसीचे उरलेले डोस पूर्ण करावे लागतात.

जखम झाली की वाहत्या पाण्याखाली साबणाने नीट धुवावी. त्यावर शेण, राख, चुना किंवा माती लावू नये. खोल काटा किंवा खिळा घुसला असेल, तर दुखणे थांबण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड उघडायला त्रास होऊ लागला, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

एकदा धनुर्वात होऊन बरा झालेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. माणसाचा जीव घेणारी विषाची मात्रा इतकी सूक्ष्म असते की शरीराला तिची ओळखही पटत नाही आणि प्रतिकारशक्ती तयार होत नाही. म्हणून अशा रुग्णालाही घरी सोडण्यापूर्वी लस टोचली जाते. घरातल्या आजी-आजोबांनी आणि शेतात राबणाऱ्यांनी शेवटची लस कधी घेतली, हे आजच विचारावे. उत्तर आठवत नसेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लसीकरण सुरू करावे.