उच्च रक्तदाब आणि औषधसातत्य : घनसावंगी तालुक्याच्या संदर्भात

वैद्याने सांगितलेले औषध रुग्ण नियमित घेतो की नाही, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. परंतु उच्च रक्तदाबाच्या बाबतीत त्यास विशेष गांभीर्य प्राप्त होते. ज्वर किंवा वेदना रुग्णास औषधाची आठवण करून देतात. रक्तदाब मात्र बहुधा कोणतेही लक्षण न दाखविता वाढतो. औषध घेतल्याने बरे वाटत नाही आणि सोडल्याने लगेच वाईटही वाटत नाही. परिणाम दिसतो तो कित्येक वर्षांनी, पक्षाघात, हृदयविकार अथवा मूत्रपिंडाचा विकार यांच्या रूपाने.

पूर्वी या वर्तनाकडे आज्ञापालन म्हणून पाहिले जाई. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालाने मात्र रुग्णाच्या संमतीवर भर दिला. उपचारकाने सुचविलेल्या व रुग्णाने मान्य केलेल्या उपायांशी त्याचे वर्तन कितपत जुळते, हे औषधसातत्याचे माप होय. विकसित देशांतही दीर्घकालीन व्याधींत हे प्रमाण सरासरीने ५० टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्या अहवालात नमूद आहे.

अज्ञान हेच याचे कारण, असा समज सर्वत्र आढळतो. कॅनडातील हॅमिल्टन येथे २३० पोलाद कामगारांवर सॅकेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला, १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्यास छेद देतो. रोगाची माहिती दिल्याने कामगारांचे ज्ञान वाढले. परंतु गोळ्या घेण्याचे प्रमाण वाढले नाही. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात स्वतः रक्तदाब मोजणे, नोंद ठेवणे, गोळीची वेळ दिनक्रमाशी जोडणे व वारंवार भेट हे उपाय योजले गेले, तेव्हा सुधारणा दिसली. तात्पर्य, उपदेशापेक्षा व्यवस्था अधिक परिणामकारक ठरते.

हे तत्त्व जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यास लावून पाहणे उद्बोधक आहे. तालुक्याच्या दक्षिणेस गोदावरी आहे, ऊसही पिकतो. तरीही मराठवाड्याच्या या भागातून दरवर्षी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. एका दिवसाचा खाडाही कोयत्यास परवडत नाही. अशा मजुरास शासकीय केंद्रातून महिन्याच्या गोळ्या विनामूल्य मिळाल्या, तरी हंगाम पाच-सहा महिन्यांचा असतो. गोळ्या संपतात तेव्हा तो फडात असतो, आणि जवळच्या केंद्रास त्याचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. यास रुग्णाची बेफिकिरी म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या अयोग्य होय.

यातून आणखी एक अनर्थ संभवतो. परतलेल्या रुग्णाचा रक्तदाब वाढलेला आढळतो. खंड पडल्याचे तो संकोचाने सांगत नाही. मग औषध अपुरे पडले असे समजून मात्रा वाढविली जाते. म्हणून ‘गोळ्या घेता ना?’ या प्रश्नाऐवजी ‘गेल्या आठवड्यात किती दिवस राहिल्या?’ असे विचारणे अधिक उपयुक्त. पहिल्या प्रश्नास होकार देणे सोपे असते. दुसऱ्यात चुकणे गृहीत धरलेले असल्याने खरे उत्तर देणे सोपे होते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्राचा समावेश प्रथमपासून होता. ठरावीक औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, घराजवळ उपचार, कामाची वाटणी व प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची अंगे होत. परंतु ‘घराजवळ’ या शब्दाचा अर्थ स्थलांतरितासाठी वर्षातून दोनदा बदलतो. प्रस्थानापूर्वी संपूर्ण हंगामाचा साठा, औषधाचे नाव व रक्तदाबाचे आकडे असलेली सोबतची पुस्तिका आणि कारखान्याच्या परिसरात तपासणी, इतके साधले तरच औषधसातत्य हा रुग्णाचा एकट्याचा गुण न राहता आरोग्यव्यवस्थेचाही गुण ठरेल. तो तसा ठरतो की नाही, याची कसोटी दवाखान्याच्या नोंदवहीपेक्षा उसाच्या फडातच लागणार आहे.