फळीवरचा माल आणि ताटातला घास

खोपोलीच्या बाजारपेठेत किंवा कर्जत स्थानकाबाहेरच्या गल्ल्यांत खाली दुकान आणि वर घर अशी मांडणी अजूनही आढळते. अशा घरातील चार-पाच वर्षांच्या मुलाची अन्नाशी पहिली ओळख स्वयंपाकघरात क्वचितच होते. ती होते गल्ल्यामागच्या फळ्यांवर. शाळेतून आलेले मूल जिना चढण्यापूर्वी दुकानात थबकते. दादाजी कौतुकाने माळेतील एक पुडी तोडून त्याच्या हाती देतात, कधी बरणीतील दोन बिस्किटे देतात. वर आईने वरण-भात कालवून ठेवलेला असतो. मूल दोन घास घेते, तोंड फिरवते आणि उठते. मग घरोघरी ऐकू येणारी तक्रार सुरू होते : मुलगा काहीच खात नाही. वस्तुतः मुलाने खाल्लेले असते. फक्त ते ताटातले नसते.

या तक्रारीला जैन घरांत आणखी एक पुस्ती जोडली जाते. आपल्याकडे कांदा नाही, बटाटा नाही, गाजर-बीट नाही. तिथीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर काही नाही. मग मुलाला द्यावे तरी काय? नव्याने घरात आलेली सून हा प्रश्न दबक्या आवाजात विचारते आणि बालरोगतज्ज्ञ कधी कधी तोच प्रश्न मोठ्याने विचारतात. परंतु नियमांमुळे ताटातून जे वजा होते त्याची भरपाई या भूमीत सहज होऊ शकते. जे वजा झाले त्याच्या जागी घरात काय आले, हे पाहिल्याशिवाय दोष नियमांवर टाकणे न्याय्य ठरत नाही. बटाट्याच्या जागी कच्च्या केळ्याचे तळलेले काप आले, भाकरीच्या जागी मैद्याचे बिस्कीट आले, आणि त्या पुडीवर ‘जैन’ असे छापले असल्याने मन निश्चिंत झाले. त्या शब्दाचा अर्थ एवढाच की आत कंदमूळ नाही. मीठ, साखर आणि तेल किती, याविषयी तो शब्द मौन पाळतो.

प्रश्न किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. हे आकडे पाहून सुस्थितीतील कुटुंब सहसा मनाशी म्हणते की ही गोष्ट पाड्यांवरची असेल, आपल्या घरातली नव्हे. कर्जत-खालापूरच्या कातकरी व ठाकर वस्त्यांतील कुपोषण हे कटू सत्य आहेच. तथापि २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या देशव्यापी सर्वंकष पोषण सर्वेक्षणात शरीरातील लोहाची कमतरता खेड्यांपेक्षा शहरी मुलांत अधिक दिसून आली. त्याच सर्वेक्षणात ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव पाच ते नऊ वर्षांच्या १७ टक्के, तर दहा वर्षांपुढील किशोरवयीनांपैकी ३१ टक्के मुलांत आढळली. भरलेली फळी म्हणजे भरलेले पोषण नव्हे, हे यातून दिसते.

लोह कमी पडलेले मूल कसे ओळखावे? ते लवकर थकते, चिडचिड करते, फिकट दिसते, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की त्याची भूकच मंदावते. ज्याला हट्ट म्हणून रागावले जाते तो हट्ट पुष्कळदा त्या उणिवेचाच परिणाम असतो. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांत. त्या काळात राहिलेली लोहाची तूट पुढे भरून काढली तरी तिचा काही परिणाम मागे उरू शकतो. ‘मोठा झाला की खाईल’ हे वाक्य म्हणून धोक्याचे आहे.

मुलांना निवडीचे स्वातंत्र्य द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ स्त्रीने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत पंधरा लहान मुलांवर एक प्रयोग केला आणि १९३९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांपुढे ताटल्यांत साधे, नैसर्गिक पदार्थ मांडले जात. दाईने काही सुचवायचे नाही, आग्रह करायचा नाही. मूल बोट दाखवील तेच भरवायचे. एखादे मूल एका जेवणात एकच वस्तू भरपूर खाई, दुसऱ्या दिवशी तिच्याकडे पाहतही नसे. तरीही कालांतराने सर्व मुले धष्टपुष्ट झाली. (त्या यादीत मांसाहारही होता, तो भाग आपल्या उपयोगाचा नाही.) मुलांना उपजत शहाणपण असते, एवढाच बोध अनेकांनी यातून घेतला. स्वतः डेव्हिस यांनी मात्र सांगून टाकले की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. साखर, मैदा, डबाबंद पदार्थ त्या मेजावर नव्हतेच. मुलाने काहीही निवडले तरी ते हिताचेच ठरणार होते.

व्यापारी कुटुंबाला हे तत्त्व वेगळे शिकवावे लागत नाही. नजरेच्या उंचीवर मांडलेला माल आधी खपतो, हे ज्याने गल्ल्यावर चार दिवाळ्या काढल्या त्याला ठाऊक असते. घरातील मुलाच्या नजरेची उंची अडीच-तीन फूट आहे. त्या उंचीवर सोललेली केळी, उकडलेले शेंगदाणे, चुरमुरे-डाळे, खजूर ठेवले आणि पुड्या दुकानातच राहिल्या, तर निम्मे भांडण आपोआप मिटते. (चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात, कुटून, लाडू करून द्यावेत.) अडचण खरी एकच : दादाजींचा हात. नातवाला पुडी देण्यात प्रेम आहे आणि ते प्रेम आईच्या सांगण्याने थांबत नाही. गल्ल्याजवळ खजुराची किंवा राजगिऱ्याच्या लाडवांची एक डबी ठेवून दिली की प्रेमाचा मार्ग बदलतो आणि कोणाचा मानही दुखावत नाही.

आता वेळेचा प्रश्न. जेथे चौविहार पाळला जातो, मग तो रोज असो, चातुर्मासापुरता असो की मुलाने हौसेने घेतलेला एखाद्या दिवसाचा असो, तेथे सायंकाळचा तास फार मोलाचा असतो. या भागात डिसेंबराच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीस सव्वासातच्या पुढे. म्हणजे हिवाळ्यात पाच-सव्वापाचला शाळेतून परतलेल्या मुलाच्या हाती जेमतेम पाऊण तास उरतो. त्यातील पहिल्या दहा मिनिटांत फरसाण पोटात गेले की पावणेसहाला वाढलेले जेवण नाकारले जाणारच. आणि त्यानंतर रात्रभर काही नाही. सकाळी नवकारशी धरणाऱ्या घरात सूर्योदयानंतर आणखी ४८ मिनिटे थांबावे लागते. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, पूर्वेकडे बोरघाटाचे डोंगर असल्याने त्याचे दर्शन तर त्याहूनही उशिरा होते, आणि शाळेची गाडी तत्पूर्वीच येऊन उभी असते. अशा मुलाच्या दिवसाचा पहिला घास शाळेच्या डब्यातला असतो. डब्यात नुसता खाखरा असेल तर चौदा-पंधरा तासांच्या उपाशीपणावर तेवढाच उतारा पडतो.

उपाय साधा आहे, पण घरातील घड्याळ हलवावे लागते. शाळेतून येताच ‘नाश्ता’ देण्याऐवजी जेवणच द्यावे. मूल तेव्हा खरोखर भुकेलेले असते. दिवसातील सर्वांत चांगली भूक पुडीवर खर्च करणे हा तोट्याचा सौदा होय. मोठ्यांचे जेवण नंतर झाले तरी चालते, पण एका मोठ्या माणसाने त्या वेळी मुलासोबत ताटावर बसावे. भरल्या घरात एकटे जेवणारे मूल लवकर उठते. मुलाचे पोट लहान असल्याने दोन जेवणांत त्याची गरज भागत नाही, म्हणून सकाळच्या डब्यात वजनदार काही असावे : मूगडाळीचा चिला, नाचणीची तूप लावलेली भाकरी, गूळपोळी, किंवा मेथीऐवजी दुधी घातलेला ठेपला. चिल्याचे पीठ त्याच सकाळी भिजवावे, म्हणजे बासी होण्याचा प्रश्न उरत नाही. तीन-चार वर्षांखालील मुलांनी नवकारशी-चौविहार धरावा की नाही, याविषयी घराने गुरुमहाराज आणि डॉक्टर दोघांशीही मोकळेपणाने बोलावे. आजारी वा अशक्त मुलाला तर आग्रह करूच नये.

खालापूर-कर्जतची जमीन यासाठी काय देते, हे पाहण्यासारखे आहे. हा भाताचा मुलूख. कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील संशोधन केंद्रात तयार झालेले भाताचे वाण ‘कर्जत’ याच नावाने ओळखले जातात. भात कापून झाले की त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावे लागत नाही, खतही फारसे नाही. दवावर पोसलेल्या या वालाला रायगडात मोठा मान आहे. शंभर ग्रॅम सुक्या वालांत प्रथिने वीस ग्रॅमांहून थोडी अधिकच असतात. येथील शेजारी वालांना मोड आणून बिरडे करतात. मोड आलेले कडधान्य अनंतकाय म्हणून वर्ज्य असल्याने जैन घरे वालाकडे पाठ फिरवतात, आणि तेथेच गफलत होते. मोडाविना वाल उत्तम शिजतो. सकाळी गरम पाण्यात भिजत घातलेला वाल दुपारनंतर सोलण्याजोगा होतो. भिजवलेले पाणी टाकावे, साले काढावीत, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत ओले खोबरे, आमसूल व गूळ घालून चांगला मऊ शिजवावा. भाताबरोबर कालवलेला असा वाल मुले आवडीने खातात, कारण त्यात गोडसरपणा असतो. गुजराती घरांतील वालाची डाळ हीच वाट जुन्या काळापासून चालत आली आहे.

आठम-चौदशीला हिरवी भाजी नसते म्हणून त्या दिवशी कठोळ शिजते : मूग, मठ, चवळी, चणे, वाल. पोषणाच्या दृष्टीने हा दिवस उणा नसून पुष्कळदा सरसच असतो, कारण एरवी पातळ वरणात हरवलेली डाळ त्या दिवशी ताटाच्या मध्यभागी येते. द्विदलाच्या नियमाची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. कच्च्या दही-दुधाबरोबर कडधान्य घ्यायचे नाही, हा नियम जीवदयेतून आलेला. त्याला आहारशास्त्राच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. पण दुधातील कॅल्शियम अन्नातील लोहाचे शोषण कमी करते, आणि लिंबाचा रस ते वाढवतो, हे ठाऊक असलेली आई कठोळावर दह्याऐवजी लिंबू पिळते आणि दूध दुसऱ्या वेळेस देते. तिथीला लिंबू नसले तर आमसूल. एका दिवसाने काही बिघडत नाही. चहा मात्र लहान मुलांना देऊच नये. चहातील द्रव्ये लोह अडवतात, आणि ‘दुधाचा चहा’ हे दूध नव्हे.

गाजराची चिंता तर अनाठायी आहे. त्यातील जीवनसत्त्व अ ज्या रंगद्रव्यापासून मिळते ते लाल भोपळ्यात, पिकल्या पपईत, आंब्यात आहे. चातुर्मासाबाहेर शेवग्याच्या पाल्यात तर विपुल आहे. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. उन्हाळ्यात कर्जत-खोपोलीच्या रस्त्याकडेला आदिवासी बायका करवंदे, जांभळे घेऊन बसतात. ती दोन वाट्या विकत घेऊन, धुऊन, निवडून मुलापुढे ठेवणे हा कोणत्याही पौष्टिक पावडरीच्या डब्यापेक्षा स्वस्त व्यवहार आहे.

दुधाची बाजू मात्र सावधपणे तोलावी लागते. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात नसते. शाकाहारी मुलाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते. ज्या घरात दूध सोडले जाते, किंवा जे मूल दुधाला तोंड लावत नाही, तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने ते औषधरूपाने द्यावे लागते. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातेने आपली पातळी तपासून घेणे अधिकच निकडीचे, कारण तिची उणीव थेट बाळात उतरते. दुसरीकडे, ‘दूध प्याला म्हणजे जेवला’ ही समजूतही तितकीच घातक. एक-दोन वर्षांचे मूल दिवसभरात अर्ध्या लिटराहून अधिक दूध पिऊ लागले की त्याची जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह नगण्य असते. गोरेगोमटे, गुटगुटीत दिसणारे बाळ रक्ताच्या तपासणीत फिकट निघते, ते बहुधा याच कारणाने.

आग्रहाविषयी. मागे धावत भरवणे, मोबाईल दाखवून भरवणे, ‘संपवलेस तर चॉकलेट’ म्हणणे, या तिन्ही रीती मुलाला एकच शिकवतात की ताटातली वस्तू मुळात वाईट आहे. नवा पदार्थ मुलाने आवडीने घेण्यापूर्वी तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर यावा लागतो. चार वेळा नाकारल्यावर ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असा निकाल घरात लागतो आणि भोपळा कायमचा हद्दपार होतो. एक चमचा वाढावा, न खाल्ला तर मुकाट्याने उचलावा, आठवड्याने पुन्हा वाढावा.

येथील मुलाच्या वाट्याला एक परीक्षा नेमाने येते. कर्जत स्थानकावर गाडी थांबली की प्रसिद्ध बटाटेवड्याचा वास डब्यात शिरतो आणि सारे सहप्रवासी हात पुढे करतात. जैन मुलाला काय खायचे नाही हे त्या वयात पाठ झालेले असते. काय खायचे, हे मात्र त्याला कोणी तितक्या आस्थेने सांगितलेले नसते. ज्या आईच्या पिशवीत त्या क्षणी कच्च्या केळ्याचे, आले-लसूण न घालता हिरवी मिरची-कोथिंबिरीवर केलेले चार वडे आणि पुदिन्याची चटणी असते, तिला काही समजावून सांगावे लागत नाही. मूल आपला वडा काढते, शेजारच्या मुलालाही एक देते, आणि गाडी पळसदरीकडे निघते.