ग्रंथालयाच्या दारात आलेल्या नव्या संज्ञा

गेली काही वर्षे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांकडे एक ठरावीक प्रकारचा प्रस्ताव येऊ लागला आहे. थोड्याफार फरकाने त्याचा मजकूर असा असतो : आपला जुना संग्रह आम्ही डिजिटाइझ करून देऊ, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तो शोधण्याजोगा करू आणि ब्लॉकचेनवर कायमचा सुरक्षित ठेवू. पुढे हळूच एक ओळ येते, की मग मूळ प्रती जागा अडवणार नाहीत. असाच एक प्रस्ताव गेल्या वर्षी माझ्याकडे मत विचारण्यासाठी आला. पाठवणारी कार्यकारिणी सुजाण होती. तिची अडचण पैशाची नव्हती, शब्दांची होती. त्या शब्दांचा अर्थ काय आणि त्यांत काय येत नाही, एवढेच येथे सांगतो. जिथे चांगला मराठी शब्द हाताशी आहे तिथे तो वापरला आहे. नाही तिथे रूढ शब्दच ठेवला आहे.

पहिला शब्द डिजिटायझेशन. यात दोन अगदी वेगळी कामे एका नावाखाली जातात. पानाचे छायाचित्र काढणे हे एक. त्या पानावरचा मजकूर अक्षरशः संगणकात उतरवणे हे दुसरे. पहिल्याने प्रतिमा मिळते, दुसऱ्याने संहिता. प्रतिमेत ‘बडोदे’ हा शब्द शोधता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी तिथे केवळ काळेपांढरे ठिपके आहेत. प्रस्ताव वाचताना यांतले नेमके काय मिळणार, हे आधी विचारावे. आणि या दोहोंपैकी कोणतेही काम म्हणजे जतन नव्हे. जतन ही वर्षानुवर्षे चालणारी जबाबदारी आहे. याचा दाखला आपल्या कपाटातच सापडेल. युनिकोड रुळण्यापूर्वी आपल्या संस्थांचे अंक ज्या फाँटांत जुळवले जात, त्यांतल्या अनेकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवलेली असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर ती फाइल आज उघडली, तर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. फाइल शाबूत आहे, मजकूर हरवला आहे. त्याच अंकाची छापील प्रत मात्र कोणीही वाचू शकतो.

मूळ प्रती काढून टाकण्याच्या सूचनेला माझा विरोध आहे तो याच कारणाने. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. एक देवनागरी पोथी तर लंडनला मार्स्डेन संग्रहात आहे. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हातांत प्रती असणे, हेच जतनाचे सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे तंत्र. संगणकाने ते बदललेले नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता. हे नाव जॉन मॅकार्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली एका उन्हाळी अभ्याससत्राच्या प्रस्तावात वापरले. (तोही प्रस्तावच, आणि तोही बराच आशावादी.) आपल्या संदर्भात तिचे काम म्हणजे अक्षरओळख, व्यवहारातला शब्द ओसीआर. जुन्या पद्धतीची अक्षरओळख एकेक आकृती पाहून अक्षर ठरवी. चुकली, की ‘घर’चे ‘धर’ किंवा काहीतरी अर्थहीन होई, आणि ते वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येई. नव्या पद्धतीत भाषाप्रारूप असते. अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द बहुधा येतो, हे त्याने टिपलेले असते. पान जिथे कसरीने खाल्ले आहे किंवा शाई उडाली आहे, तिथे ते सर्वांत संभाव्य शब्द बसवून मोकळे होते. वाक्य सुरळीत लागते, पण ते लेखकाचे नसते.

या दोषाला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचे भाषांतर ‘भ्रम’ किंवा ‘भास’ असे केले जाते. मला ते पटत नाही. यंत्राला भास होत नाही. ते पदरचे घालते. आणि पदरचे घालण्याला आपल्या पाठचिकित्सेत जुना, नेमका शब्द आहे : प्रक्षेप. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती असेच अपपाठ आणि प्रक्षेप काढण्यासाठी. प्रक्षेपाचा धोका हाच, की तो मुळासारखाच दिसतो.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला हा धोका अधिक आहे. १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छपाईत ‘नांव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी, असा डोळ्यांना दिसणारा भेद होता. आजच्या मजकुरावर पोसलेले प्रारूप ‘नांव’ला सहज ‘नाव’ करून टाकील, आणि ती चूक आहे असे कोणाला वाटणारही नाही. गोव्याच्या कागदांतील ‘कोमुनिदाद’ आणि ‘रेजिदोर’, बडोदे-ग्वाल्हेरच्या दरबारी छपाईतील ‘सरसुभा’, हैदराबादकडील फसली सन हे सारे त्याच्या दृष्टीने विरळा. विरळा शब्द दिसला, की त्याच्यासारखा दिसणारा परिचित शब्द पुढे करण्याकडे प्रारूपाचा कल असतो. म्हणजे आपल्या संग्रहाचे जे वैशिष्ट्य, त्यावरच प्रथम हात फिरतो. म्हणून करारात स्पष्ट लिहून घ्यावे : प्रत्येक पानाची प्रतिमा संहितेच्या शेजारी उपलब्ध राहील, आणि यंत्राला न लागलेली जागा रिकामी ठेवली जाईल, भरली जाणार नाही.

संहिता नीट उतरली तरी ती शोधता येईलच असे नाही. ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिलेला आढळतो : ऱ या स्वतंत्र अक्षराने; साध्या र ला नुक्ता जोडून; किंवा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही सारखे. संगणकाला तिन्ही निराळे. यांतले एक टंकून शोधले, तर बाकीचे दोन सापडतीलच असे नाही. शिवाय अदृश्य चिन्हे काढून टाकण्याची अनेक आज्ञावलींना सवय असते. ते चिन्ह गेले, की तिसऱ्या प्रकारच्या दऱ्यांचा दर्या होतो! एकच रूप सर्वत्र राखण्याच्या कामाला ‘सामान्यीकरण’ म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण आग्रह धरण्याजोगा आहे.

‘टोकन’ म्हणजे प्रारूप मजकूर ज्या तुकड्यांत वाचते तो तुकडा. ‘मराठी’ हा शब्द देवनागरीत साठवायला १५ बाइट लागतात, रोमन लिपीत ७. ज्या प्रारूपाच्या तुकड्यांच्या यादीत मराठी थोडी असते, तिथे आपला एकेक शब्द अनेक तुकड्यांत मोडतो. आणि सेवेची आकारणी बहुधा तुकड्यांवर असते. दरपत्रक पाहताना हे ध्यानात असू द्यावे.

राहिली ब्लॉकचेन. तिच्याआधी ‘हॅश’ समजला पाहिजे. त्याला मी ‘ठसा’ म्हणतो. कोणतीही फाइल, चार ओळींची असो वा चारशे पानांची, ठराविक गणितातून काढली की एक निश्चित लांबीची खूण मिळते. शा-२५६ या प्रचलित पद्धतीत ती ६४ अंक-अक्षरांची असते. फाइलमधला एक अनुस्वार बदलला तरी ठसा पार बदलतो. मात्र ठशावरून फाइल परत मिळत नाही, जसा अंगठ्याच्या ठशावरून माणूस उभा राहत नाही.

ब्लॉकचेनला पुष्कळ जण ‘खतावणी’ म्हणतात. माझ्या मते ती कीर्द आहे. खतावणीत खातेवार मांडणी असते. कीर्दीत व्यवहार घडेल त्या क्रमाने नोंद, आणि पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून’. मागच्या एखाद्या पानावरची रक्कम खोडली, तर पुढची प्रत्येक बेरीज चुकते आणि खाडाखोड उघडी पडते. ब्लॉकचेनमध्ये रकमेऐवजी मागील पानाचा ठसा पुढे ओढलेला असतो, आणि कीर्दीच्या प्रती अनेकांकडे असतात. बिटकॉइनची साखळी जानेवारी २००९ मध्ये सुरू झाली ती याच रचनेवर.

यावरून दोन गोष्टी निघतात. सामान्यतः साखळीवर ग्रंथ ठेवत नाहीत, त्याचा ठसा ठेवतात. मूळ फाइलची तबकडी निकामी झाली तर हातात केवळ पावती उरेल, माल नव्हे. शिवाय साखळी नोंदीचा खरेपणा सांगत नाही. ती नोंद नंतर बदलली नाही, एवढेच सांगते. ‘नांव’चे ‘नाव’ करून मग ठसा घेतला, तर चूकच चिरंतन झाली. आणि साखळीच्या सर्व प्रती एकाच कंत्राटदाराकडे असतील, तर ती त्याच्या दुकानातली वही आहे. तिला कीर्द म्हणा वा ब्लॉकचेन.

मौज अशी, की या कल्पनेचा उगम पैशांत नाही, दस्तऐवजांत आहे. संगणकातील कागद अमुक तारखेला होता हे सिद्ध कसे करावे, या प्रश्नावर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टोर्नेटा यांनी १९९१ साली निबंध लिहिला. पुढे, १९९५ पासून, त्यांच्या कंपनीने दर आठवड्याचा ठसा ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. हजारो घरांत गेलेला कागद कोण बदलणार?

आपल्यालाही याहून महाग काही लागत नाही. एखाद्या ग्रंथालयाने आपला संग्रह उतरवून घेतला, तर प्रतिमांचा एक संच स्वतःकडे, एक दुसऱ्या गावच्या मराठी संस्थेकडे आणि एक राज्याच्या अभिलेखागारात ठेवावा. मूळ प्रती कापडात बांधून कपाटात. सर्व फाइलींच्या ठशांची एक यादी करावी, तिचा एकच ठसा काढावा. ती ६४ अंक-अक्षरे या वार्षिकाच्या एका ओळीत, फार तर दीड ओळीत मावतात, आणि वार्षिक तर इंदूरपासून बेळगावपर्यंत जातेच.