भूतबंगल्यात शिरण्याआधी

गोराईचं ‘एस्सेलवर्ल्ड’ १९८९ साली सुरू झालं आणि मुंबईच्या उपनगरांतल्या शाळांच्या सहली लाँचमधून तिकडे वळू लागल्या. तिथल्या ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’च्या रांगेत बढाया मारणारी मुलं आत शिरली की एकमेकांचे शर्ट धरत. जत्रेतल्या कापडी भूतबंगल्यातही हेच घडतं.

अंधारातून सापळा अंगावर आला की विचार करायच्या आधीच मेंदूतला अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रिनलिन वाढतं, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. ‘हे खोटं आहे’ ही समज मागाहून येते आणि किंकाळीचं हसू होतं. डेन्मार्कमधल्या अशाच एका भूतबंगल्यात संशोधकांनी ११० जणांचा अभ्यास केला, हृदयाचे ठोकेही मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की खरी मजा मध्यम भीतीत असते. कमी पडली तर कंटाळा, जास्त झाली तर त्रास.

हे माप प्रत्येकाचं वेगळं. चार-पाच वर्षांच्या मुलाला मुखवट्यामागचा माणूस दिसत नाही, भूतच दिसतं. ‘मुलगा असून घाबरतोस?’ म्हणत त्याला आत ओढणाऱ्या काका-मामांना खरं तर रांगेतच अडवायला हवं. नंतर कित्येक रात्री ते पोर दचकून उठतं, तेव्हा जागते त्याची आई.

हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी बाहेरच थांबावं. लखलखत्या दिव्यांनी काहींना फिट येऊ शकते. कृत्रिम धुराने दमा उसळू शकतो, म्हणून पंप खिशात हवा. आत छातीत दुखलं किंवा घेरी आली तर ‘घाबरलो असेन’ म्हणून अंगावर काढू नये. कर्मचाऱ्याला हाक मारून लगेच बाहेर यावं आणि १०८ला फोन करावा.