काळ्या जमिनीतील वाट आणि टाकाऊ प्लास्टिक

काळ्या जमिनीत कापूस चांगला येतो, पण तिच्यावरून गेलेली वाट पावसाळ्यात टिकत नाही. पाणंदीत गाडीचे चाक आसापर्यंत रुतते आणि तयार माल शेतातच अडकून पडतो. याचे कारण या मातीतील माँटमोरिलोनाइट हे चिकण खनिज होय. ओल मिळताच त्याच्या थरांत पाणी शिरून माती फुगते. उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते. अशा जागी नुसता मुरूम टाकल्यास तो हळूहळू चिखलात गडप होतो.

मातीत टाकाऊ प्लास्टिकच्या बारीक पट्ट्या मिसळून ती बळकट करण्याचे प्रयोग अलीकडे झाले आहेत. त्यामागील तत्त्व शेतकरी बंधूंना नवे नाही. भिंतीची माती मळताना तीत काड घालतात. माती दाब सोसते, ताण सोसत नाही. तो काडी घेते व भेग रुंदावत नाही. पट्टी हेच काम करते, आणि ती कुजत नाही. खताची रिकामी पोती व पाण्याच्या बाटल्या धुऊन, कापून त्यांच्या पेरभर लांबीच्या अरुंद पट्ट्या कराव्यात.

शंभर किलो कोरड्या मातीस अर्धा ते एक किलो पट्ट्या, हे प्रमाण अनेक चाचण्यांत उपयुक्त ठरले आहे. त्याहून फार अधिक घातल्यास पट्टीवर पट्टी घसरते, माती नीट दबत नाही आणि बळ उलट घटते. गावचा सारा कचरा वाटेत पुरून मोकळे होण्याचा हा मार्ग नव्हे.

मातीचे फुगणे मात्र पट्ट्यांनी पुरते थांबत नाही. त्यासाठी विरवलेला चुना मिसळावा लागतो आणि दोन्ही बाजूंस चर काढून पाणी बाहेर काढावे लागते. चर नसेल, तर बाकीचा खर्च व्यर्थ होय. मिश्रणाचा मुठीत गोळा व्हावा, पण हात बरबटू नये, इतपत ओल असताना रोलर फिरवावा. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, म्हणून वर मुरुमाचा थर हवाच. कामापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अभियंत्यांकडून मातीची भारक्षमता, भिजवलेल्या स्थितीत, तपासून घ्यावी.

२०१६ च्या नियमांनुसार गावातील प्लास्टिक कचरा गोळा करणे ही ग्रामपंचायतीचीही जबाबदारी आहे. तेथूनच माल घ्यावा. पिकाच्या जमिनीत, बांधावर किंवा विहिरीजवळ हे मिश्रण वापरू नये, कारण झिजलेले कण पाण्याबरोबर वाहून जातात. कीटकनाशकांच्या बाटल्या तर यासाठी मुळीच घेऊ नयेत.