एंजिन परत बसवितांना

अमेरिकेंत ज्यांना ‘मसल कार’ म्हणतात, त्या मोटारींचा काळ फार थोडा होता. १९६४ सालीं पाँटिअ‍ॅक कंपनीनें आपल्या मध्यम आकाराच्या मोटारींत ३८९ घनइंचांचें मोठें एंजिन बसवून ती ‘जी. टी. ओ.’ या नांवानें विकावयास काढली, तेव्हां या प्रकाराला खरा जोर चढला. पुढें १९७० नंतर हवेच्या शुद्धतेचे कायदे, विम्याचे चढते दर आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा यांनीं मिळून तो ओसरविला. रचनेचें सूत्र साधें: गाडी हलकी, एंजिन भारी. परंतु त्या गाड्या अजूनहि पुष्कळ घरांतून जपल्या जातात. आणि त्यांचे कित्येक मालक एंजिन काढण्याघालण्याचें काम कारखान्यांत न देतां घरच्याच गॅरेजमध्यें, सुटीच्या दिवशीं, एखाद्या शेजाऱ्याच्या मदतीनें उरकतात. आपल्याकडे मोटारीचें झाकण उघडलें कीं मालक दोन पावलें मागें सरतो व मिस्त्री पुढें होतो. तिकडील हा गृहस्थ स्वतःच बाह्या सरसावतो, यांत हौसेचा भाग आहे तितकाच मजुरीच्या दराचाहि आहे.

हें शक्य होतें याचें कारण त्या गाड्यांची घडण. १९६९ सालची शेव्हरोले कंपनीची कॅमॅरो घ्या. तिच्यांत बसणाऱ्या एंजिनांपैकीं एक ३५० घनइंचांचें, म्हणजे ५.७ लिटरचें, आठ सिलिंडरांचें असे. त्याच्या भोंवतीं हात घालण्याइतकी मोकळी जागा असते. संगणक नाहीं, तारांचें जंजाळ नाहीं. पेट्रोल कार्ब्युरेटरमधून येतें, ठिणगी डिस्ट्रिब्यूटरमधून. प्रत्येक भागाचें काम डोळ्यांनीं दिसतें. पण चुकलें तर नुकसानहि तसेंच मोठें. एंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर उजव्या अंगास, पुढच्या बाजूला, एक सपाट जागा असते. तीवर गाडीच्या अनुक्रमांकाचा कांहीं भाग ठोकलेला असतो. तो गाडीशीं जुळला तर ती मूळच्या एंजिनाची गाडी ठरते. न जुळल्यास शोकिनांच्या बाजारांत तिची किंमत उतरते. म्हणून झिजलेलें एंजिन टाकून दुसरें आणण्याऐवजीं तेंच दुरुस्त करून त्याच जागीं पुन्हां बसवितात. ठोकळा फुटला तर दुसरा विकत मिळेल. तो क्रमांक मिळणार नाहीं.

सर्व अवयवांसह या एंजिनाचें वजन सुमारें ५७५ पौंड, म्हणजे २६० किलो भरतें. तें उचलण्यासाठीं चाकांवर फिरणारी यारी भाड्यानें मिळते. तिच्यावर ‘२ टन’ असें लिहिलेलें असलें तरी तो आंकडा तिचा हात आखूड असतांनाचा असतो. गाडीच्या नाकावरून आंतपर्यंत पोंचण्यासाठीं हात लांबवावा लागतो, आणि पूर्ण लांबविल्यावर तीच यारी बहुधा अर्धाच टन पेलते. साखळी तिरप्या कोपऱ्यांना, एका सिलिंडर-हेडास पुढें व दुसऱ्यास मागें, अशी बांधतात. तिचे बोल्ट आपल्या जाडीच्या दीडपट तरी आट्यांत शिरलेले असावेत. लोंबत्या एंजिनाखालीं हात, पाय, डोकें यांपैकीं कांहींहि जाऊं द्यावयाचें नाहीं. भोंकें जुळवावयाचीं तर पहार वापरावी, बोट नव्हे.

गिअरची पेटी गाडींतच राहिली असेल तर तिच्याखालीं जॅक देऊन ती किंचित् उचलून धरतात. एंजिन मागच्या बाजूस कलतें करून उतरवितात, कारण त्याच्या तळाशीं तेलाचें पात्र असतें व तें गाडीच्या आडव्या तुळईवर आपटतां कामा नये. एकानें यारी सांभाळावी, दुसऱ्यानें एंजिनाला दिशा द्यावी, आणि हुकूम एकाचाच चालावा.

आतां सबंध कामांतील कळीची जागा आली. एंजिनाच्या पाठीवर दोन जाड खुंट्या असतात. त्या पेटीच्या तोंडावरील भोंकांत शिरल्या कीं दोहोंचे अक्ष एका रेषेंत येतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीच्या तोंडांत टॉर्क कन्व्हर्टर नांवाचा भाग बसतो. हा चपट्या भोपळ्यासारखा बंद डबा. त्यांतील तेलाच्या द्वारें एंजिनाची शक्ति पुढें पोंचते. त्याची मान पेटीच्या पोटांतील तेलपंपांत अडकावयाची असते, पण त्याबरोबरच एकांत एक असलेल्या दोन दंतुर दांड्यांवरहि तो बसावा लागतो. यास्तव कन्व्हर्टर हातानें फिरवीत आंत लोटला कीं तो तीन टप्प्यांनीं खोल उतरतो. दोन टप्पे झाले व तिसरा राहिला, तर नवख्याच्या डोळ्यांना तो फरक दिसत नाहीं. मग एंजिन जवळ येतें, मध्यें बोटभर फट उरते, आणि मोह होतो कीं बोल्ट लावावे व पान्यानें आवळून ती मिटवावी. बोल्ट ती मिटवितातहि! परंतु त्या वेळीं आंत कन्व्हर्टरची मान पंपाला चेपीत असते. पंप चिरडतो, क्वचित् पेटीच्या ओतीव तोंडाचा कानहि तुटतो. सर्व नळ्या-तारा जोडून एंजिन सुरू केल्यावर हें उमगतें.

म्हणून एंजिन व पेटी हीं हातानें हलवून, डोलवून एकमेकांस पूर्ण टेकलीं पाहिजेत. जुळलेलें धरून ठेवणें हें बोल्टांचें काम; न जुळलेलें ओढून आणणें हें त्यांचें काम नव्हे. तोंडें टेकल्यावर कन्व्हर्टर बोटांनीं मोकळा फिरतो कीं नाहीं तें पाहावें. त्याच्या व एंजिनाच्या चकतीच्या दरम्यान १/८ ते ३/१६ इंच अंतर असावें. तेवढा तो पुढें ओढून मगच तीन बोल्टांनीं चकतीस जोडावयाचा. अंतर मुळींच नसेल तर एंजिन पुन्हां मागें घ्यावें. हा निर्णय बहुधा दिवस मावळतांना, थकलेल्या माणसानें घ्यावयाचा असतो, आणि पंप फुटतात ते बहुतेक त्याच वेळीं.

यानंतर एंजिनाच्या दोन्ही बगलांतील रबरी बैठका. त्या काळच्या शेव्हरोले गाड्यांच्या बैठकींत दोन पत्र्यांमध्यें रबर चिकटविलेलें असे. तें सुटलें कीं जोरानें गाडी हांकतांना एंजिनाची डावी बाजू उचलली जाई, तिच्याबरोबर पेट्रोल सोडणारी दांडी ओढली जाई, आणि चालकानें पाय काढला तरी गाडी धांवतच राही. १९७१ सालीं जनरल मोटर्सनें याच कारणासाठीं सुमारें ६७ लाख गाड्या परत बोलावल्या. १९६९ ची कॅमॅरोहि त्यांत होती. पुढें दोन्ही पत्रे एकमेकांत अडकविलेल्या बैठका आल्या. त्यांतील रबर फाटलें तरी एंजिन जागा सोडीत नाहीं. एंजिन बाहेर असतांना अशा बैठका घालून घेणें यांत काटकसर पाहूं नये.

रेडिएटर, नळ्या, तारा यांचें फारसें सांगावयास नको. काढतांना चिठ्ठ्या बांधल्या असल्या तर तें काम अर्ध्या दिवसाचें. एकच पट्टी विसरण्याजोगी असते, ती एंजिनाला गाडीच्या सांगाड्याशीं जोडणारी. रबरी बैठकांमुळें एंजिन विजेच्या दृष्टीनें वेगळें पडतें. ही पट्टी राहिली तर स्टार्टरचा मोठा प्रवाह परतीची वाट कोठल्या तरी बारीक तारेंतून शोधतो व ती जाळतो.

सुरू करण्यापूर्वीं तेल सर्वत्र पोंचवावें लागतें. डिस्ट्रिब्यूटर काढून त्याच्या भोंकांतून विजेच्या सामत्यानें तेलपंप फिरवितात, तो वर झडपांच्या दांड्यांपाशीं तेल दिसेपर्यंत. मग पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या माथ्यावर आणून डिस्ट्रिब्यूटर बसवावयाचा. येथें ध्यानांत ठेवावयाचें तें हें कीं पुढील चाकावरील शून्याची खूण एका आवर्तनांत दोनदां येते. प्लगच्या भोंकावर अंगठा ठेवल्यास ज्या वेळीं हवा तो ढकलते, तीच खरी वेळ. ठिणगीचा क्रम १-८-४-३-६-५-७-२.

झडपा उघडणारा कॅमशाफ्ट नवा असेल, तर पहिल्या वीस-तीस मिनिटांवर त्याचें आयुष्य ठरतें. त्याच्या उंचवट्यांना तेल मिळतें तें बहुतांशीं फिरत्या दांडीच्या शिंतोड्यांतून, आणि मंद गतींत ते शिंतोडे पुरत नाहींत. म्हणून एंजिन सुरू होतांच मिनिटाला २,००० ते २,५०० फेऱ्यांवर न्यावें व तेथेंच राखावें. तेलहि जस्त-फॉस्फरसयुक्त लागतें. नव्या गाड्यांच्या धूरशोधक यंत्रांसाठीं हीं द्रव्यें आजच्या साध्या तेलांतून कमी केलेलीं आहेत. या वेळीं गॅरेजचें दार सताड उघडें हवें, कारण एंजिनाच्या धुरांतील विषारी वायूला वास नसतो. नंतर एंजिन थांबवून तेल सोडून द्यावें, गाळणी कापावी आणि तिच्या घड्या उन्हांत उलगडून पाहाव्या. त्यांत धातूची चकाकी फारशी नसेल तर नवें तेल भरून, खुणा केलेल्या बिजागऱ्यांवर बॉनेट परत चढवावयास हरकत नाहीं.