पुनर्वसनाच्या कामातील समाधान

बारावीचे निकाल लागले की आमच्या पुनर्वसन विभागात दरवर्षी काही पालक मुलांना घेऊन येतात. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. हे शिक्षण कोठे मिळते, पुढे नोकरी लागेल काय, आणि आयुष्यभर अपंग व्यक्तींच्या सहवासात राहून मुलाचे मन खचणार तर नाही ना? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात सापडतात. तिसऱ्याचे उत्तर थोडे विस्ताराने द्यावे, या हेतूने अहवालाचे हे पान राखून ठेवले आहे.

रुग्ण बरा होऊन घरी गेला, हे रुग्णालयातील बहुतेक विभागांचे यशाचे माप असते. पुनर्वसनात ते लागू पडत नाही. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाच्या मेंदूस झालेली इजा भरून येत नाही. कापलेला पाय परत येत नाही. येथे विचारावयाचे ते इतकेच की, काल जे दुसऱ्याने करून द्यावे लागत होते, ते आज स्वतःस करता येते काय? मान सावरणे, आधाराविना बसणे, घास तोंडापर्यंत नेणे, यांतील एकेका टप्प्यास कित्येक महिने लागतात. हे माप ज्यांच्या अंगवळणी पडते, ते या कामात रमतात. केवळ दयेपोटी आलेली माणसे, आमच्या अनुभवानुसार, फार काळ टिकत नाहीत.

अर्धांगवायूने उजवा हात निकामी झालेल्या ग्रामीण स्त्रीस बोटांचे व्यायाम शिकविले जातात, तेव्हा ती ते निमूटपणे करते. परंतु तिच्या मनातील प्रश्न भाकरीचा असतो. मग उपचारतज्ज्ञास भाकरीचाच अभ्यास करावा लागतो. परात सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालावयाचे, पीठ एका हाताने मळता येईल असे थोडे सैल ठेवावयाचे, भाकरी प्लास्टिकच्या कागदावर थापून कागदासह तव्यावर उलटावयाची आणि कागद लगेच सोडवून घ्यावयाचा. विभागात अशा रीतीने झालेल्या पहिल्या भाकरीस बहुधा आकार नसतो. ती सर्वांनी वाटून खाण्याचा आमच्याकडे प्रघात आहे.

या शाखेस व्यवसायोपचार म्हणतात. भौतिकोपचारात स्नायू व सांधे यांच्या हालचालींवर भर असतो, तर व्यवसायोपचारात त्या हालचालींतून नित्याची कामे साधण्यावर. तिचा भारतातील पाया मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी घातला. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने मराठी कुटुंबातल्या झालेल्या या बाईंनी पुढे नागपुरातही, १९५८ मध्ये, असे शिक्षण सुरू होण्यास हातभार लावला. कृत्रिम अवयवांच्या शाखेची कथाही अशीच आपल्या मातीतली आहे. १९६८ च्या सुमारास घडलेल्या जयपूर फूटमध्ये उकिडवे बसणे, अनवाणी चालणे आणि चिखलात उतरणे यांचा विचार होता. द्राक्षबागेत वा भातखाचरात राबणाऱ्यास याहून वेगळे काय हवे असते? मात्र पाय बसविला की तंत्रज्ञाचे काम संपत नाही. पहिल्या काही महिन्यांत उरलेला अवयव आक्रसतो, साचा सैल होतो आणि तो पुन्हा घ्यावा लागतो. रुग्ण परत येत राहतो, ओळख वाढते.

आपल्या नाशिकपुरते सांगावयाचे तर, श्रीमती रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा उभी केली. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथेच स्थापन झाले. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, श्रवण व वाचा उपचार आणि कृत्रिम अवयव या शाखांच्या पदव्या या विद्यापीठाच्या आहेत. विशेष शिक्षकांसाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, १९९२ च्या कायद्यानुसार, आवश्यक असते. गरज किती, हे २०११ च्या जनगणनेवरून कळते. महाराष्ट्रात त्या वेळी २९ लाख ६३ हजारांहून अधिक अपंग व्यक्तींची नोंद झाली. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले.

आता अडचणींविषयी. 'तुम्ही मोठे पुण्याचे काम करता' असे या क्षेत्रातील माणसांस वारंवार ऐकावे लागते, आणि बहुधा त्यानंतर वेतनाचा विषय निघेनासा होतो. समाधान हा पगाराचा पर्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय हे काम अंगमेहनतीचे आहे; रुग्णास उचलण्याची रीत नीट शिकली नाही, तर उपचारकाचीच पाठ धरते.

सर्वांत कठीण प्रसंग वेगळाच असतो. डचेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आजारात मुलाचे स्नायू क्रमाने क्षीण होत जातात आणि साधारण बाराव्या वर्षाच्या आत-बाहेर चालणे थांबते. वर सांगितलेले माप येथे उलटे फिरते : दर भेटीस काहीतरी कमी झालेले असते. येथे तज्ज्ञाने काय करावे? चाकाच्या खुर्चीत पाठ सरळ राहील अशी बैठक करावी, हात टेकून लिहिता येईल असा फळा बसवावा, श्वासाचे व्यायाम द्यावेत, आणि शाळा सुटू नये म्हणून मुख्याध्यापकांची भेट घ्यावी. एखाद्या मुलाची दहावी अशी पार पडते, तेव्हा विभागात पेढे येतात. त्या दिवशी बोलणे मात्र थोडेच होते. हे ओझे एकट्याने वाहता येत नाही. म्हणून आमचे सहकारी दर शनिवारी दुपारी एकत्र बसतात व आठवड्यातील अवघड रुग्णांविषयी मोकळेपणाने बोलतात.

या शिक्षणाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही प्रथम एक आठवडा विभागात येऊन बसावयास सांगतो. त्याने काहीही मदत करू नये, केवळ पाहावे, एवढी अट असते. समोरचे मूल शर्टाचे एक बटण लावण्यास वीस मिनिटे घेत असता आपले हात मागे ठेवून बसणे ज्यास जमते, त्याच्या पालकांशी मग आम्ही प्रवेश, शुल्क व वसतिगृह यांविषयी बोलतो.